सोडायचा तर धरला कशाला?

गेल्या ज्येष्ठात आम्ही चार कुटुंबे मिळून भंडारदऱ्यास काजवे पाहावयास गेलो होतो. वळवाची एक चांगली सर येऊन गेली होती आणि अंधार पडण्यास अद्याप अवकाश होता, म्हणून धरणाच्या खालच्या अंगास प्रवरेच्या पात्राकडे फिरत गेलो. तेथे एक गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभे राहून लांब काठीने एक दोरी हवेत झुलवीत होते. दोरीच्या टोकास गांडूळ नव्हते की कणकेची गोळी नव्हती. पिसांची व रेशमाची बांधलेली एक नखाएवढी माशी होती. काही वेळाने त्यांस एक वीतभर मासा लागला. त्यांनी आधी हात भिजविले, मासा पाण्याबाहेर न काढता त्याच्या तोंडातील गळ सोडविला, मासा सोडून दिला आणि खिशातील वहीत काहीतरी टिपून ठेविले. आमच्यातील एका वडीलधाऱ्यांस हे पाहून राहवेना. त्यांनी काठावरून विचारले, "अहो, सोडायचाच होता तर धरलात कशाला?" सारी मंडळी हसली. ते गृहस्थही हसले आणि पुन्हा दोरी झुलवू लागले.

परतताना वाटेत एक ओढा लागला. तेथे तीन पोरे डोहाच्या तोंडाशी पांढरी भुकटी ओतीत होती. शहरात पाणी शुद्ध करण्यास वापरतात तीच ती ब्लीचिंग पावडर. थोड्याच वेळात डोहभर मासे पांढरी पोटे वर करून तरंगू लागले. बोटभर पिल्लेही त्यात होती, आणि पहिल्या पावसाच्या पाण्याबरोबर अंडी घालण्यासाठी वर चढू पाहणाऱ्या, पोट फुगलेल्या माद्याही होत्या. पोरांनी मोठे मासे वेचले, बाकीचे तसेच टाकिले. त्या पोरांस मात्र आमच्यापैकी कोणी काही विचारले नाही. आम्हीही विचारले नाही, हे येथे लाजेने नमूद करितो.

रात्री जेवणे झाल्यावर वाद निघाला, तो त्या पोरांविषयी नव्हे, तर त्या गृहस्थांविषयी. गळ टाकून मासा धरणे व सोडणे हा परकीय चोचला आहे, असे एक म्हणाले. ती शुद्ध क्रूरता आहे, असे दुसरे म्हणाले. भरल्या पोटाच्या लोकांनी गरिबाच्या अन्नाशी मांडलेला हा खेळ आहे, असे तिसऱ्यांचे मत पडले. असे गळाचे शौकीन नदीचे रक्षण करितात हे विधान तर सर्वांसच विनोदी वाटले. आमच्या मते ही तिन्ही मते उथळ आहेत, आणि सुशिक्षित समाजाच्या मनातील हा उथळपणा आमच्या नद्यांस त्या पांढऱ्या भुकटीइतकाच घातक आहे. म्हणून या प्रश्नाचा येथे थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम परकीयपणाचा आक्षेप घेऊ. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरणच आहे. कोणते मासे कोठे राहतात, कोणत्या माशास कोणते आमिष रुचते आणि काठी-दोरी कशी असावी, याचा ऊहापोह या राजाने केला आहे. त्याचे राज्य आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होते, म्हणजे हा विषय आमच्या घरचाच आहे. संयमाची गोष्ट तर याहूनही जुनी. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासीच्या पौर्णिमांस व इतर नेमक्या तिथींस मासे मारू नयेत व विकूही नयेत, अशी आज्ञा कोरलेली आहे. आमच्या किनाऱ्यावरील कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात होडी लोटीत नाहीत, त्याचे मर्मही हेच. सरकारनेही १ जून ते ३१ जुलै असे दोन महिने यांत्रिक नौकांस समुद्रबंदी घातली आहे. समुद्राला जी विश्रांती आम्ही देतो ती सह्याद्रीच्या ओढ्यास मात्र देत नाही. तेथे आषाढातील चढणीचे मासे हा पर्वणीचा विषय असतो, आणि माशाच्या पोटातील गाभोळी हे त्या पर्वणीचे पक्वान्न!

आता परकीयांनी काय केले तेही पाहू. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याने माशांस जी लॅटिन नावे दिली त्यांत खुदरी, कोळस, शिंगाळा, नुक्ता असे शब्द आहेत. नदीकाठच्या भोयांच्या तोंडचे हे मराठी शब्द आज जगभरच्या प्राणिशास्त्रात रूढ आहेत, आणि पुण्याजवळच्या मुळा-मुठेत सापडलेला महसीर अद्याप 'टोर खुदरी' म्हणूनच ओळखला जातो. १८७३ साली मद्रास इलाख्यातील एच. एस. थॉमस या मुलकी अधिकाऱ्याने भारतातील गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी फ्रान्सिस डे याचा गोड्या पाण्यातील मासेमारीवरील सरकारी अहवाल निघाला. पिल्लांचा संहार व विषप्रयोग यांविरुद्ध ओरड करणाऱ्यांत हे लोक पुढे होते. पुढे १८९७ साली जो मत्स्यकायदा झाला त्याने पाण्यात सुरुंग उडविणे व विष कालविणे हे गुन्हे ठरविले. मूळ कायद्यातील शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी होती. म्हणजे भंडारदऱ्याच्या धरणाचा पहिला दगड बसण्यापूर्वीच त्या तीन पोरांचे कृत्य गुन्हा ठरले होते. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला. तो ओढ्यापर्यंत चालत आला नाही, इतकेच.

दुसरा आक्षेप क्रूरतेचा. तो आम्ही हसून उडवून लावणार नाही. गळ माशाच्या तोंडात रुततो आणि त्यास क्लेश होतात, हे मान्य केलेच पाहिजे. सोडलेल्या माशांपैकीही काही पुढे मरतात. ज्यांच्या मनास हे सहन होत नाही त्यांनी गळ हाती धरू नये. त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु एवढ्याने आपण नदीच्या हिंसेतून मुक्त झालो असे त्यांनी समजू नये. रतनगडाच्या कुशीत उगवणारी प्रवरा १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाने अडविली. ती भिंत सुमारे ८२ मीटर उंच आहे आणि तिच्यामागे सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठते. ही भिंत चढून जाईल असा मासा विधात्याने निर्माण केलेला नाही. त्याखाली निळवंडे धरण आले, ओझरचा बंधारा त्याच्या आधीचाच. कालव्यांनी ते पाणी उसाच्या मळ्यांत नेले आणि उसाची साखर झाली. आमच्यातील ज्यांनी जन्मात मासा चाखिला नाही, त्यांच्या चहाच्या पेल्यातील एक चमचा साखर कोठल्या पाण्याची, हे त्यांनी एकदा मनाशी विचारावे. गळाची हिंसा डोळ्यांस दिसते म्हणून ती मोठी वाटते. पात्र कोरडे पाडण्याची हिंसा सरकारी वेळापत्रकातून होते, म्हणून ती कोणास दिसत नाही. धरण बांधू नये होते असे आमचे म्हणणे नाही. त्या पाण्याने नगर जिल्ह्याचा एक मोठा दुष्काळी भाग जगविला, हे उपकार विसरणे कृतघ्नपणाचे होईल. हिशेब करितेवेळी मात्र एकाच बाजूचे आकडे मांडू नयेत, एवढेच आमचे मागणे.

येथे कोणी म्हणेल की, नद्यांचे रक्षण आमच्या श्रद्धेने केव्हाच केलेले आहे. काही अंशी हे खरे आहे. महाडनजीक काळ नदीवरील वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महसीर पिढ्यान्‌पिढ्या सुखाने राहिले आहेत. तेथे कोणी जाळे टाकीत नाही. अशा गावकऱ्यांपुढे आम्ही हात जोडतो. परंतु श्रद्धेने डोह राखिला, नदी राखिली नाही. देवाच्या डोहातील माशास आम्ही लाह्या घालतो आणि त्याच नदीत मैलभर वर गावचे गटार सोडतो. माशास विणीसाठी वाहते पाणी लागते, खडीचा तळ लागतो, खाली-वर जाण्यास मोकळी वाट लागते. या गोष्टी नवसाने मिळत नाहीत. त्यांस पाणी मोजणारा, नोंद ठेवणारा आणि प्रसंगी न्यायालयात उभा राहणारा मनुष्य लागतो. असा मनुष्य इतर देशांत बहुधा कोण निघाला? ज्यास आपण हसलो तोच, काठी-दोरीवाला!

इंग्लंडात १९४८ साली जॉन ईस्टवूड या वकिलाच्या पुढाकाराने गळ टाकणाऱ्यांनी एक संस्था काढिली. नदी नासविणाऱ्यांवर दावे लावणे हाच तिचा उद्योग. डर्बी शहरानजीकच्या एका मत्स्यमंडळाने कापडधंद्यातील एक बलाढ्य कंपनी, खुद्द डर्बीची नगरपालिका आणि सरकारी वीजमंडळ या तिघांसही न्यायालयात खेचिले. शहराचे मैलापाणी आणि कारखान्यांचे कढत पाणी नदीत सोडण्याविरुद्ध त्यांनी मनाईहुकूम मिळविला, आणि १९५२ साली अपील न्यायालयाने तो उचलून धरिला. अमेरिकेत तर १९२२ सालीच शिकागो शहरी गळाच्या शौकिनांनी संघ स्थापून नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध चळवळ आरंभिली होती. १९५९ साली मिशिगन संस्थानात ट्राउट माशाच्या उपासकांची जी संस्था निघाली, तिने पुढे इतर संस्थांच्या जोडीने मेन संस्थानातील केनेबेक नदीवरील धरण १९९९ साली काढविले. ही सगळी माणसे साधू नव्हती. त्यांस त्यांचा खेळ हवा होता. पण खेळासाठी मासा हवा, माशासाठी पाणी हवे, आणि पाण्यासाठी भांडणे प्राप्त होते. पुण्यासाठी नदी राखणारा पुण्य पदरी पडताच घरी जातो. ज्याचे सुख नदीत गुंतले आहे तो घरी जात नाही.

त्या पिसांच्या माशीतही एक गुण आहे. ज्यास खोटी माशी बांधावयाची त्यास खरी माशी ओळखावी लागते. मेफ्लाय म्हणून एक कीटक आहे. त्याचे बाळपण नदीतळाच्या दगडांखाली जाते आणि पंख फुटल्यावरचे आयुष्य अवघ्या एखाद्या दिवसाचे असते. पाणी बिघडले की तो सर्वांआधी नाहीसा होतो. इंग्लंडातील गळ टाकणारे २००७ पासून ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी तळ ढवळून हे किडे मोजतात. संख्या एका मर्यादेखाली गेली की सरकारी खात्यास तत्काळ वर्दी जाते. मासे मरून तरंगेपर्यंत ते वाट पाहत नाहीत. त्या गृहस्थांनी वहीत काय टिपले असेल, याचा उलगडा आम्हांस येथे होऊ लागतो.

तथापि या मंडळींची वकिली करिताना त्यांचा एक मोठा प्रमाद झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. विशेषतः त्या प्रमादाचा एक धागा आमच्या लोणावळ्यापर्यंत येतो म्हणून. १९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी व त्यांच्यानंतर एस. एन. ओगले यांनी टाटांच्या वळवण येथील केंद्रात महसीराची अंडी कृत्रिम रीतीने फलवून पिल्ले वाढविण्याची विद्या सिद्ध केली. हे काम थोर होते, आणि मराठी माणसांनी ते केले याचा आम्हांस अभिमान आहे. येथील लक्षावधी पिल्ले देशभरच्या जलाशयांत व नद्यांत गेली. त्यांतच ती कावेरीतही सोडली गेली, आणि तेथील गळाच्या शौकिनांनी त्यांचे स्वागत केले. परंतु कावेरीचा स्वतःचा एक महसीर होता. पाठीवर कुबड असलेला, नारिंगी परांचा तो राक्षसी मासा; याच जातीचा १२० पौंडांचा मासा म्हैसूरच्या व्हॅन इंजेन घराण्यातील एका गृहस्थांनी १९४६ साली गळाने धरिला होता. निळ्या परांची आमची खुदरी त्याच्या घरात पाहुणी म्हणून गेली आणि हळूहळू मालकीण होऊन बसली. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्या कुबड्या महसीराची ओळख 'टोर रेमादेवी' या नावाशी पक्की केली, आणि त्याच वर्षी त्याचे नाव जगातील अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेले.

आमच्या नदीचा मासा दुसऱ्याच्या नदीत नेऊन सोडणे म्हणजे नदीचे रक्षण नव्हे, हा धडा एवढी किंमत देऊन मिळाला. अमेरिकेतील माँटाना संस्थानाने तो आधीच घेतला होता. मॅडिसन नदीत पाळीव ट्राउट सोडणे थांबविताच रानमाशांची संख्या वाढली असे दिसून आले, तेव्हा १९७४ साली तेथील सरकारने रानट्राउट असलेल्या नद्यांत पिल्ले सोडण्याचा प्रघातच बंद केला. आमच्याकडे मात्र अद्याप कोणी मान्यवर धरणात मत्स्यबीज सोडीत असतानाचे छायाचित्र निघाले की नदीचे कल्याण झाले असे आपण समजतो. सोडलेल्या पिल्लांची संख्या छापून येते. त्यांनी कोणाचे घर मोडले हे छापून येत नाही.

पण या दुःखद कथेची दुसरी बाजू अशी की, कावेरीतील हा बिघाड कळला तो कशावरून? तर १९९८ ते २०१२ या काळात तेथील गळाच्या शिबिरांत प्रत्येक माशाची जी नोंद होत होती तीवरून. कोणता मासा, किती वजनाचा आणि किती तासांच्या श्रमाने मिळाला, हे सारे त्या वह्यांत होते. संख्या वाढत होती, वजन घटत होते आणि कुबड्या मासा विरळ होत चालला होता. अपराध्याने स्वतःच्याच हाताने लिहिलेली ही साक्ष होती. ज्याने लिहून ठेविले त्याची चूक उघडी पडली आणि सुधारण्याची वाट निघाली. आमच्या किती नद्यांतून किती जाती कायमच्या गेल्या असतील, पण त्यांची वही कोणी ठेविली आहे? वही न ठेवणाराच येथे निर्दोष ठरतो!

आता तिसरा आक्षेप, गरिबाच्या अन्नाचा. तिघांत हाच आम्हांस खरा वजनदार वाटतो. भंडारदऱ्याचे महादेव कोळी व ठाकर यांच्या शेतांवर व कुरणांवर जलाशय उभा आहे. पाणी खाली गेले, वीज दूर गेली, वरचा डोंगर १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात गेला. त्यांस उरले काय, तर पावसाळ्यातील चार मासे. तेही आता शहरातून काठी घेऊन आलेल्या कोणासाठी सोडून द्या, असे त्यांस सांगणाऱ्याच्या तोंडाला कुलूप घालावे, असे आमचेही मत आहे. परंतु गरिबाचे अन्न कोण नासवितो, हे नीट पाहा. त्या डोहात भुकटी ओतल्याने त्या रात्री तीन घरी कालवण झाले; पुढच्या वर्षी तीस घरांस मासा मिळणार नाही. कोयंडे लावून, शिवे विणून, मोठ्या आसाच्या जाळ्याने मासा धरणाऱ्या म्हाताऱ्यांस हे पक्के ठाऊक असते. त्यांचे ज्ञान व त्यांचा हक्क प्रथम. काठीवाल्याचा खेळ दुसरा. कावेरीवरील शिबिरांनी पूर्वी चोरून मासे मारणाऱ्यांसच पगार देऊन वाटाडे व राखणदार केले होते, ही त्यांची सर्वांत शहाणपणाची गोष्ट. अभयारण्यातील गळ ही शिकारच होय, असा कायद्याचा अर्थ लागून २०१२ मध्ये ती शिबिरे उठली. कायदा पाळलाच पाहिजे. मात्र शिबिरांबरोबर त्या माणसांचा पहाराही उठला, आणि त्याची जागा तेवढ्याच जागरूकपणे कोणी भरून काढावी, याचा विचार मात्र कायद्याने केला नाही.

तेव्हा भंडारदऱ्यापुरते आमचे म्हणणे सरळ आहे. दरवर्षी या पाण्यासाठी भांडण होते. वरचे तालुके व जायकवाडी, ऊस व पिण्याचे पाणी, कारखाना व शहर अशा सर्वांचे वकील असतात, आणि २००५ च्या जलनियमन कायद्याची कलमे सर्वांस पाठ असतात. नदीचा वकील तेवढा कोणी नसतो. गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली किमान प्रवाह ठरविला. धरणात महिन्याला सरासरी जेवढे पाणी येते त्याच्या २० टक्के हिवाळ्यात, २५ टक्के ऑक्टोबरात व उन्हाळ्यात, आणि ३० टक्के पावसाळ्यात खाली सोडावे असा तो नियम आहे. गंगेस जे लागू तेच प्रवरेस का लागू नसावे? विल्सन धरणाखाली रंधा धबधब्यापासून पुढे बारमाही धार राहील असा आकडा ठरवून तो गावच्या चावडीवर लावावा. दुसरे, वरच्या ओढ्यांत बाहेरच्या जातीचे बीज एक मूठही सोडू नये. तिसरे, पहिल्या पावसापासून माशांची चढण संपेपर्यंत ओढ्यांत जाळे, गळ, काठी काहीच नको. आणि या बंदीच्या काळात गावकऱ्यांस राखणीची मजुरी मिळावी. चौथे, अभयारण्याबाहेर ज्यास गळ टाकावयाचा त्याने गावच्या संमतीने, बिनकाट्याच्या गळाने टाकावा आणि वर्षाअखेर आपली वही गावापुढे ठेवावी. वही नसेल त्याने काठी आणू नये.

ही कामे अवघड नाहीत. अडचण आमच्या मनाची आहे. आम्ही काजवे पाहावयास जातो ते मोटारींचे दिवे लावून, आणि ज्या झाडाखाली मोटार उभी करितो त्याच्याच मुळाशी काजव्याच्या अळ्या चिरडतो. नदी पाहावयास जातो ते धबधबा चालू आहे का एवढे विचारून. नदी आमच्या लेखी देखावा आहे. तिच्यात कोणी राहते हे आमच्या गावीही नाही. त्या संध्याकाळी पाण्यात उभ्या असलेल्या गृहस्थांस, नदीत कोण राहते, हे निदान ठाऊक होते.

"सोडायचा तर धरला कशाला?" या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले नाही, म्हणून ते येथे आम्ही देतो. मासा आहे की नाही हे कळावे म्हणून धरिला. आणि उद्याही असावा म्हणून सोडिला. आता एक प्रश्न आम्ही उलट विचारितो, आणि तो त्या पोरांस नव्हे, स्वतःस व वाचकांस विचारितो. नदी शंभर वर्षांपूर्वी आपण धरिली. ती थोडीशी तरी सोडायची केव्हा?